दिब्बा की टेकडी

गुरुप्रसाद अण्णा आयुष्यात एकही डोंगर चढलेले नाहीत. जवळच्या नंदी बेट्ट्याच्या डोंगरावरही गेले ते गाडीने, आणि वर पोचल्यावर वारा फार आहे म्हणून काच वर करून बसले. पण अँडीज, झाग्रोस, हिंदुकुश यांच्याबद्दल ते भाऊबंदांबद्दल बोलावं तसं बोलतात. कुणाच्या पोटातून कोणती नदी निघते, कुणाच्या पायथ्याशी कोणतं राज्य बुडालं, सगळं तोंडपाठ. सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात त्यांची हयात गेली. अजूनही नकाशा दिसला की हा माणूस जेवण विसरतो.

मी जितेंद्र, त्यांचा भाडेकरू. मूळचा नागपूरचा, नोकरी व्हाइटफील्डला आणि राहायला मल्लेश्वरमात, अण्णांच्या वरच्या मजल्यावर. रोज एवढा प्रवास का करतोस असं सगळे विचारतात. खाली अण्णा आहेत म्हणून करतो. अण्णांचे आजोबा बेळगावकडून इथे आले, त्यामुळे घरात मराठी आहे, पण इथल्या पाण्यावर वाढलेली. 'जितू, स्वल्प थांब रे' हे त्यांच्या लेखी शुद्ध मराठी वाक्य आहे. मी कधी दुरुस्त करायला गेलो नाही. आमची नागपुरी तरी कुठे धुतल्या तांदळाची?

आमच्या मराठी मंडळात दरवर्षी पर्वत आणि प्राचीन संस्कृती यांवर प्रश्नमंजूषा होते. जोडीने उतरायचं. नियम दोनच: उत्तर मराठीतच द्यायचं, आणि जी जोडी जिंकेल तिने पुढच्या वर्षीचे प्रश्न काढायचे. अण्णांचा सगळा जीव त्या दुसऱ्या नियमात अडकलेला.

"अरे, दरवर्षी नुसती उंची विचारतात," ते चिडायचे. "डोंगर म्हणजे काय शाळेतली पोरं आहेत, उंचीप्रमाणे उभी करायला? एकदा मला प्रश्न काढू देत. माणसं घरी जाऊन नकाशे उघडतील!"

पण जिंकल्याशिवाय प्रश्न काढता येत नव्हते, आणि अण्णा दरवर्षी अगदी शेवटी, घंटी वाजवण्यात कुणाच्या तरी मागे राहून हरायचे. यंदा मी त्यांचा जोडीदार होतो. मला डोंगरातलं काही कळत नाही, पण घंटी वाजवायला माझा हात वळवळतो. अण्णांनी डोकं चालवायचं, मी हात, असं ठरलं.

बेत फत्ते झाला. मेसोपोटेमियाच्या पूर्वेची रांग? घंटी. झाग्रोस. माचू पिचू? घंटी. अँडीज. अण्णा खुर्चीत मागे रेलून उत्तरं देत होते, जणू प्रश्न त्यांनीच काढले होते. शेवटी आम्ही आणि अजित-शाल्मली ही इंदिरानगरची जोडी सारख्या गुणांवर आलो. अजित मूळचा पुण्याचा, सुट्टी मिळाली की पाठीवर पिशवी टाकून डोंगरात जाणारा. आता एकच प्रश्न उरला होता. जो बरोबर उत्तर देईल तो जिंकला.

सूत्रसंचालन नयना करत होती, तीही पुण्याचीच, आवाज खणखणीत. "मोहेंजोदडो या नावाचा अर्थ साधारणपणे काय सांगितला जातो?"

मी घंटीवर जवळजवळ पडलोच.

"मेलेल्यांचा दिब्बा," अण्णा म्हणाले.

हॉलमध्ये हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, "डबा? जेवणाचा?" माझ्या डोक्यात तिडीक गेली.

नयनाने हसू आवरलं. "काका, मराठीत सांगा ना. दिब्बा कन्नड आहे."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "कन्नड?" ते हळूच म्हणाले. "जितू, दिब्बा कन्नड?" त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. आईच्या तोंडून ऐकलेला शब्द, तो मराठी नसेल असं त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्यांचं तोंड एवढंसं झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला फार वाईट वाटलं.

नयना मनाने चांगली. "टेकडी म्हणा काका, लगेच गुण देते," ती म्हणाली. हातातोंडाशी घास आला होता. मी टेबलाखालून अण्णांचा गुडघा दाबला.

अण्णा सरळ बसले. "काका नव्हे, अण्णा. आणि टेकडी म्हणणार नाही. टेकडी देवाने केलेली असते. ही गावावर गाव पडून, माती साचून झालेली. आमच्या घरी त्याला दिब्बा म्हणतात. पुरणपोळीवर तुम्ही काय घेता?"

"तूप," नयना गोंधळून म्हणाली.

"इथल्या दुकानात त्याला तुप्पा म्हणतात. तुमचं तूप मराठी, मग माझा दिब्बा का नाही?"

आता हॉल हसला तो अण्णांच्या बाजूने. पण नयनाच्या हातातल्या कार्डावर टेकडी लिहिलं होतं आणि नियम तो नियम. तिने प्रश्न अजितकडे वळवला. त्याने दोन शब्द उच्चारायचे होते, तेही सगळ्या हॉलला फुकट मिळालेले. त्याच्या जागी मी असतो तर टेकडी म्हणून मोकळा झालो असतो, खोटं कशाला बोलू? अण्णा मात्र समोर बघत होते. प्रश्न काढायची संधी हातची गेली हे त्यांना कळलं होतं, पण मान खाली गेली नव्हती.

अजित उठला. शाल्मलीने त्याचा शर्ट ओढला तरी उठला. "टेकड्या मी खूप चढलोय," तो म्हणाला. "हनुमान टेकडी, वेताळ टेकडी. त्यांच्या खाली गावं नाहीत. असल्या ढिगाला मला तरी दुसरा शब्द येत नाही. आमचं उत्तर, मेलेल्यांचा दिब्बा."

नयना कार्डाकडे बघत राहिली. मग तिने ते उलटं ठेवलं. "पुण्याचा माणूसही तेच म्हणतोय तर मी कोण नाही म्हणणार? दोघांचं उत्तर बरोबर. पण आधी दिलं अण्णांनी. अण्णा जिंकले."

टाळ्यांनी हॉल दणाणला. मी अण्णांना मिठी मारली, लाज सोडून. ते मला बाजूला सारून ध्वनिवर्धकापाशी गेले. लोकांना वाटलं, डोळे पुसत आभार मानतील. डोळे ओले होते, नाही असं नाही. पण आवाज ड्रॉइंग विभागाच्या साहेबाचा होता.

"पुढच्या वर्षी प्रश्न माझे," ते म्हणाले. "नियम तोच राहील. उत्तर मराठीतच द्यायचं."