मागीलदारचा ग्लास

काकूंनी चहा केला. स्वतःच्या उजव्या हाताने केला. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तो हात मांडीवर नुसता पडून असायचा, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. त्याच हाताने त्यांनी सांडशीत पातेलं धरलं आणि निळ्या फुलांच्या कपात चहा गाळला. ओट्यावर एक थेंब सांडला नाही. सूनबाई मोबाईलवर शूटिंग करत होत्या. मी शेजारी उभी होते, त्यांचा तोल गेलाच तर धरता यावं इतक्या जवळ.

पातेल्यात अजून एक कप चहा उरला होता. तो माझा.

फळीवर निळ्या फुलांचे आणखी कप होते, अगदी हाताशी. काकूंनी तिकडे हात नेला नाही. भिंतीचा आधार घेत त्या मागीलदारी गेल्या. तिथे धुण्याच्या दगडाशेजारी, कठड्यावर एक स्टीलचा ग्लास पालथा असतो. नारळ उतरवायला माणूस येतो, त्याचा. काकूंनी तो उजव्या हाताने उचलून आणला, ओट्याच्या कडेला ठेवला आणि वरून चहा ओतला. पातेल्याची कड ग्लासला लागणार नाही, इतक्या वरून.

"घ्या मॅडम," त्या म्हणाल्या. हसत होत्या. मनापासून.

मी घेतला. प्यायले. मग मागीलदारी गेले, नळाखाली ग्लास घासला आणि होता तिथेच पालथा ठेवला.

मला कोणीही सांगितलं नव्हतं.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. अलिबागच्या एका छोट्या केंद्रात काम करते. लोकांना मालिशवाली वाटते, नाहीतर नर्स. समजावून सांगायचं तर एवढंच, की आजारपणाने माणसाच्या हातून रोजची कामं गेलेली असतात, ती मी परत शिकवते. ब्लाउजचं हुक लावणं. भाताचा घास तोंडापर्यंत नेणं. संडासला बसणं आणि उठणं. ही कामं दवाखान्यात नाही, घरातच शिकवावी लागतात. म्हणून मी लोकांच्या घरात जाते. न्हाणीघरापर्यंत, स्वयंपाकघरापर्यंत.

मी फार बोलत नाही. शाळेपासूनच नाही. इंग्रजी माध्यमात शिकले, त्यामुळे गप्प बसलं तरी चालून जायचं. इंग्रजी बोलणारी मुलगी गप्प असली की लोकांना ती हुशार वाटते. माझं आडनावही असं, की त्यावरून पटकन काही कळत नाही. मी ते कळू द्यायची नाही.

काकूंचं घर किहीमला. मागे नारळ-पोफळीची वाडी, बाजूला मुलाने बांधलेली पर्यटकांची कॉटेजेस. मुंबईहून येणारी माणसं त्यांच्याच स्वयंपाकघरातलं जेवतात, त्यांच्याच ताटांत. त्यांना कोणी काही विचारत नाही. विचारलंच तर गाडी कुठे लावली, एवढंच.

मला मात्र एका दुपारी काकूंनी विचारलं. मी त्यांची बोटं एकेक करून सरळ करत होते.

"अगं, गाव कुठलं तुझं?"

"बोर्ली. बोर्ली पंचतन."

"बोर्लीत कुठे?"

हा दुसरा प्रश्न मला लहानपणापासून ओळखीचा आहे. त्याचं उत्तरही तयार असतं. स्टँडजवळ. शाळेत, कॉलेजात, रूम बघताना, मी कायम स्टँडजवळची. पण त्या दुपारी तसं सांगावंसं वाटलं नाही. या बाईंनी मला सगळं दाखवलं होतं. रात्री अंथरूण ओलं होतं हे सुनेला न सांगता मला सांगितलं होतं. मी त्यांना नाडी बांधायला शिकवलं होतं, आंघोळीला बसवलं होतं, पाठ चोळली होती. एवढं झाल्यावर स्टँडजवळ म्हणणं मला खोटं वाटलं.

"बौद्धवाडीत," मी म्हटलं. "बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते."

"हो का," काकू म्हणाल्या. "छान."

बोटं तशीच माझ्या हातात होती. त्यांनी हात काढून घेतला नाही. मला किती हलकं वाटलं. जाताना त्या म्हणाल्या, "या हं मॅडम." तोवर मी अगं होते. त्या दिवसापासून मॅडम झाले. रस्त्यावर येईपर्यंत मला तो मानच वाटला.

आणि त्यानंतरच्या आठवड्यात ग्लास.

माझा हात चालतो. पाठीला चालतो, काखेत चालतो. काम करणारा हात सगळीकडे चालतो. ओठ चालत नाहीत.

काम सुरू करताना आम्ही पेशंटला विचारतो, तुम्हाला काय परत करता यायला हवं? जे उत्तर येईल ते ध्येय. काकू म्हणाल्या होत्या, "आल्यागेल्याला माझ्या हातचा चहा देता यायला हवा." मीच ते लिहून घेतलं होतं. त्यासाठीच सगळं चाललं होतं. आधी कपडे वाळत घालायचे चिमटे, मग कणकेचा गोळा, मग रिकामं पातेलं, मग पाण्याचं. शेवटी चहा. आणि त्या हाताने पहिलं शहाणं काम कोणतं केलं? फळी ओलांडून मागीलदारी गेला. किती अवघड काम होतं ते. आठवणं, निवडणं, उंबरा ओलांडणं, योग्य अंतरावरून ओतणं. काहीही चुकलं नाही.

मी उत्तम शिकवलं होतं.

त्या शनिवारी घरी गेले. आगरदांड्याहून दिघीच्या बोटीत बसले आणि सगळा वेळ स्वतःचा हात बघत राहिले. मला राग यायला हवा होता. येत नव्हता. नुसती लाज. कोणीतरी आपल्याला उघडं पाहिलं की वाटते तशी. लाज काकूंना वाटायला हवी होती, हे डोक्याला कळत होतं. पोटात मात्र ती माझ्याच होती.

आई पडवीत सोडे निवडत होती. मी बाजूला बसले आणि सांगितलं. काकूंचा हात कसा सुधारला, तिथून सुरुवात केली. ग्लासापर्यंत आले आणि थांबले. आई निवडायची थांबली नाही. मान खालीच ठेवून तिने एकच विचारलं.

"धुतलास?"

मी हो म्हटलं.

तिचे हात थांबले. "मी तर न्हाय शिकवलं तुला," ती म्हणाली. "मी धुवायचे. माझी आय धुवायची. तुला शिकवायचं न्हाय म्हणून तर इंग्लिश शालंत घातली." मग सोड्यांचं सूप बाजूला सारलं. शेवटी परत तेच, हळू आवाजात. "मी न्हाय शिकवलं."

ती माझ्यावर चिडली नव्हती. तिचं आयुष्यभराचं एक काम वाया गेलं होतं आणि ते ती माझ्या तोंडून ऐकत होती.

सोमवारी केंद्रात आमच्या मॅडमनी मला बोलावलं. केंद्र त्यांचंच. चांगल्या शिकवतात. हाताला आधार देणारी पट्टी कशी वळवायची ते मी त्यांच्याकडूनच शिकले. काकूंचा व्हिडिओ त्यांनी पाहिला होता आणि त्या खूश होत्या. अलिबागला थेरपिस्टांचं एक संमेलन होतं, त्यात ही केस पेपर म्हणून मांडायची होती. पहिलं नाव माझं. मला पुढे एम. ओ. टी., म्हणजे याच विषयातलं पदव्युत्तर शिक्षण, करायचं आहे हे त्यांना माहीत होतं. हा पेपर झाला की शिफारस करते, म्हणाल्या.

त्यांनी व्हिडिओ लावला. फक्त हात दिसत होते, चेहरा नव्हता. पातेलं, गाळणं, निळ्या फुलांचा कप. कप भरला आणि व्हिडिओ संपला. पुढचं कापलं होतं.

मी म्हटलं, पुढे अजून आहे. त्या म्हणाल्या, हो, पण ते नको. मी म्हटलं, ध्येय आल्यागेल्याला चहा देणं होतं, स्वतःला नाही. ते पूर्ण झालं असं लिहायचं, तर आलेल्याला कशात दिला हेही लिहावं लागेल. आपण ओट्याची उंची लिहितो. न्हाणीतली फरशी निसरडी आहे का ते लिहितो. उंबरा लिहितो. मग ग्लास का नाही?

एका दमात इतकं मी त्यांच्यासमोर कधी बोलले नव्हते.

"तो डेटा नाही," मॅडम म्हणाल्या. "तो तुझा पर्सनल इश्यू आहे. आपण क्लायंटचं कल्चर बदलायला जात नाही. क्लायंट-सेंटर्ड प्रॅक्टिस, विसरलीस का?" मग प्रेमाने, खांद्यावर हात ठेवून, "डोंट बी सो सेन्सिटिव्ह. यू आर नॉट लाइक दॅट."

मी कशासारखी नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी किहीमला गेले. काकू वाटच बघत होत्या. मी न सांगता त्या ओट्याशी गेल्या आणि पुन्हा चहा केला. आधीपेक्षा सफाईने. एक कप भरला आणि मागीलदारी निघाल्या. मी बघत राहिले. ग्लास आला. ओट्याच्या कडेला ठेवला गेला. पातेलं वर उचललं गेलं.

"काकू," मी म्हटलं, "या ग्लासात मी चहा घेणार नाही."

पातेलं तसंच राहिलं. हात थरथरला. माझा हात सवयीने आधाराला पुढे गेला आणि मी पातेलं खाली ठेवायला मदत केली. तेवढं मला करायलाच हवं होतं.

"तुम्ही वाईट वाटून घेऊ नका मॅडम," काकू म्हणाल्या. झटक्यानंतर त्यांची जीभ जरा जड झाली आहे, घाईत शब्द एकमेकांवर पडतात. "माझ्या मनात काही नाही हो. सासूबाईंपासूनचं आहे ते."

"सासूबाई आता नाहीत. हात तुमचा आहे."

सूनबाई दारात आल्या. मॅडम, प्लीज, त्यांचं बीपी वाढेल, म्हणाल्या. काकूंनी निळ्या कपांकडे पाहिलं. खरंच पाहिलं, मला ते दिसलं. फळी वीतभर दूर होती. त्यांचा हात तिथे पोचतो, हे मला कोणाहीपेक्षा जास्त माहीत होतं.

त्यांनी हात पदराखाली घेतला.

मी उरलेला व्यायाम पूर्ण करून घेतला. बॅग भरली. ग्लास ओट्यावर होता तसाच सोडला. त्यात चहा पडलाच नव्हता, धुण्यासारखं काही नव्हतं. तरी दारापर्यंत जाताना हात शिवशिवत होता.

संध्याकाळी काकूंच्या मुलाचा केंद्रात फोन आला. दुसरी थेरपिस्ट पाठवा. मॅडमनी पाठवली. पेपरवरून माझं नाव काढा, असं मी सांगितलं. त्यांनी तेही काढलं. शिफारशीचा विषय पुन्हा निघाला नाही.

संमेलनाला मी गेले. मागच्या रांगेत बसले. मॅडमनी पेपर वाचला. पडद्यावर ते हात आले, पातेलं, गाळणं, कप. ध्येय पूर्ण, मॅडम म्हणाल्या. टाळ्या पडल्या. ती सगळी मेहनत माझी होती आणि टाळ्या ऐकताना मला पुन्हा तीच लाज वाटली. त्या ओट्याशेजारची. मी उठून बाहेर जाणार होते. बाहेर जायचं ते मी नुसती उभी राहिले, आणि कोणीतरी माझ्या हातात माइक दिला.

"ध्येय आल्यागेल्याला चहा देण्याचं होतं," मी म्हटलं. "पातेल्यात दोन कप चहा दिसतोय. दुसरा कोणाला दिला, आणि कशात?"

कोणाचं नाव घेतलं नाही, गाव सांगितलं नाही. पेशंटची गोष्ट उघडी करायची नसते. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. ते या अभ्यासाच्या कक्षेत येत नाही, म्हणाल्या. मग जेवणाची सूचना झाली. ताटासाठी रांगेत उभी असताना कॉलेजात माझ्या वर्गात असलेली एक मुलगी कानाशी येऊन म्हणाली, "कशाला गं?" आणि पुढे गेली.

कोणी विचारलं नाही, की दुसरा कप खरंच कोणाचा होता.

मी अजून त्याच केंद्रात आहे. लाज गेलेली नाही. कोणाच्याही घरी चहा पिऊन झाला की माझा हात कप घेऊन नळाकडे निघतो. मी त्याला धरून ठेवते. हात शिकतो तसा विसरतोही, याच गोष्टीचा मला पगार मिळतो. मी माझ्यावरही काम करते आहे.

आता नव्या घरी गेले, की कोणी विचारायच्या आत मीच सांगते. मी बोर्लीची. बोर्लीतल्या बौद्धवाडीतली. मला तुमच्या स्वयंपाकघरात यावं लागेल. तुम्ही चहा केलात तर मी तुमच्या कपात पिईन. हे सांगताना अजून डोळे जमिनीकडे जातात. मी ते पुन्हा वर आणते. मग माझा हात पुढे करते.

समोरून हात आला की काम सुरू. नाही आला, तर मी केंद्रात येऊन लिहिते: पेशंटने थेरपी नाकारली. त्याखाली कारणासाठी एक ओळ असते. मॅडम म्हणतात, तिथे 'वैयक्तिक' लिही.

मी कारण लिहिते.

त्यांनी खोडलं, तर पुन्हा लिहिते.