पेटी गार होईपर्यंत

दोन जावा एका घरात गोडीगुलाबीने नांदतात, असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्यावं. या दोघी तर घरातही जावा आणि प्रयोगशाळेतही एकाच खोलीत. म्हणजे विस्तवाशेजारी रॉकेल.

थोरलीच्या ताब्यात निर्वात पेटी. पेटी म्हणजे पोलादाचं जाड पिंपच, आतली हवा पंपाने ओढून काढलेली. धाकटी त्या पेटीत ऑक्साइडच्या चकतीवर टायटॅनियमचा केसाहून कितीतरी पातळ थर चढवायची, तापवायची आणि बघायची, की धातू खालच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो का. तिचं म्हणणं, घेतो. शेजारणीच्या डब्यातलं पीठ लांबवावं तसा. सगळा प्रबंध या एका म्हणण्यावर उभा.

"पीठ नाही नि मीठ नाही," थोरली धाकटीच्या मार्गदर्शक सरांसमोर म्हणाली. "ऑक्सिजन बाहेरच्या हवेतला आहे. हिने पेटी गरम असतानाच उघडली."

"तुमची पेटी गळकी असेल, जाऊबाई."

"पेटी गळत नाही. तुझं तोंड गळतं."

सर बिचारे जात्यातल्या दाण्यासारखे. म्हणाले, "सोमवारपासून पेटी दुसऱ्या गटाकडे जाते. त्याआधी एकदा नीट करून दाखवा, नाहीतर हे प्रकरण प्रबंधातून काढा."

आता गंमत अशी, की धाकटीने पेटी खरोखरच गरम असताना उघडली होती. थोरली जेवून परतायच्या आत तिला तिथून सटकायचं होतं. तिचं तोंड बघायला नको. झडप उघडली, हवा आत शिरली आणि तापलेल्या धातूने ती अधाशासारखी गिळली. थरात वरपासून खालपर्यंत ऑक्सिजनच ऑक्सिजन. माल खालून आला की वरून, कोण सांगणार?

शनिवारी नवा थर चढला, तापला. थोरलीने खुर्ची आणून पेटीपुढेच मांडली. "गार होईपर्यंत हलायचं नाही. तूही नाही, मीही नाही."

दुपारभर दोघी पाठीला पाठ लावून बसल्या. धाकटीने पंखा पेटीकडे वळवला. थोरलीने तो आपल्याकडे फिरवला.

"पेटी लवकर गार होईल, ताई."

"पेटीला घाम येत नाही. मला येतो."

"सासूबाईंचं औषध कोण आणणार?"

"तुझा नवरा. पाय आहेत त्याला."

शेवटी पेटी गार झाली आणि उघडली. मापनयंत्र थर खरवडत खाली उतरत गेलं. वर हवेचा पुसट पापुद्रा, मधे स्वच्छ धातू, आणि तळाशी, धातू ऑक्साइडला भिडतो तिथे, पुन्हा ऑक्सिजन, धातूत घुसलेला. मधला धातू कोरा, म्हणजे हा वरून आलेला नव्हे.

थोरलीने आलेख वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"ओढतो," ती म्हणाली.

धाकटीला आभाळ ठेंगणं झालं. "मग सरांना सांगा तसं."

"सांगते की. माझी पेटी गळत नव्हती, हे मात्र तू सांगायचंस. आणि गरम असताना का उघडलीस तेही."

सोमवारी धाकटीने कडू औषध गिळावं तसं सांगितलं, "जाऊबाईंचं तोंड बघायचं नव्हतं म्हणून." सरांना एकाएकी खोकला आला. प्रकरण प्रबंधात राहिलं. संध्याकाळी दोघी घरी निघाल्या, एकाच रस्त्याने, समोरासमोरच्या दोन फुटपाथांवरून.