साऱ्या गुड्याचा हात

लेकीच्या बाळंतपणासाठी आज मोहफुलं भाजायला घेतली आणि त्या गोडसर वासासरशी मी जिवतीच्या पहाडावर पोचले.

तिथल्या शाळेत मी नवी बाई होते. हीच लेक तेव्हा तान्ही, रडून थकलेली, आणि मला दूधच येत नव्हतं. एका सकाळी गोंडांच्या गुड्यावरून, त्या छोट्या वस्तीतून, बाया आल्या. प्रत्येकीच्या पदरात मूठभर मोहफुलं.

"घरात आहेत की!" मी म्हटलं.

"एका घरच्यानं होत नाई, बाई," म्हातारी सोमीबाई म्हणाली. "साऱ्या गुड्याचा हात लागला पायजे."

सगळी फुलं एकत्र कुटून त्यांनी मला लाडू भरवले. पुढं लेक पोटभर प्यायली, तेव्हा अख्खा गुडा माझ्या अंगातून वाहतोय असं वाटून मी शहारले.

आज लाडवात घालायच्या तिळांचा डबा भरलेला होता. तरी वाटी घेऊन मी शेजारच्या शबानाबाईंचं दार वाजवलं. मूठभर तीळ मागायला.