असिसीत फेडलेला गायीचा नवस

इटलीतल्या असिसी गावाला आम्ही एका गायीमुळे गेलो.

नातवंडांनो, गाय तुमच्या इंदूआजीची, म्हणजे तुमच्या आजोबांच्या धाकट्या बहिणीची. भंडाऱ्याकडच्या कोंढा गावी गोठ्यात ती एकदा आजारी पडून बसली ती उठेचना. इंदूबाई रडू लागल्या. त्यांना धीर द्यावा म्हणून मी शाळेत ऐकलेली गोष्ट सांगितली : डोंगरावरच्या असिसी गावात एक संत होऊन गेले, ते पशुपक्ष्यांशी बोलत. (इथे मी थांबायला हवं होतं.) इंदूबाईंनी डोळे पुसले आणि हात जोडले. "माझी गाय उठू दे रे बाबा, तुले तुया गावात येऊन कोशाच्या रेशमाची शाल चढवीन!"

संध्याकाळी गाय उठली. डॉक्टरांनी दुपारी इंजेक्शन दिलं होतं, पण डॉक्टरांना कोण शाल देतो?

तेव्हापासून इंदूबाईंना चैन नाही. "नवस अडून राहिला, वहिनी. गाय माझ्याकडे कशी पाहून राहिली, पाहा ना!" शेवटी तुमच्या बाबानं आम्हा तिघांना इटलीच्या सहलीत धाडून दिलं. मी विमानातच सूचना दिल्या : कुणी कशाला हात लावायचा नाही, कुणी मध्ये बोलायचं नाही, इंग्रजीचं मी बघेन.

असिसी फार देखणं आहे. चढावर गुलाबी दगडाची घरं, वर भव्य चर्च, आत भिंतीभर शेकडो वर्षांपूर्वीची चित्रं आहेत म्हणे. "दोन तासांत बसपाशी या," असं गाइडनं बजावलं. आजोबा धापा टाकत होते, इंदूबाई शाल छातीशी धरून होत्या, आणि मी पुढे! तेवढ्यात गल्लीच्या वळणावर ते दिसले. तपकिरी झगा, कमरेला दोर, छातीपर्यंत दाढी, चेहऱ्यावर अपार शांती. चर्चआधीच त्या संतांच्या पंथाचे साधू भेटले!

"पूज्य फादर," मी शुद्ध इंग्रजीत म्हणाले, "आम्ही भंडारा जिल्ह्यातून एका कृतज्ञ गायीच्या वतीने आलो आहोत."

"सी, सी!" ते इटालियनमध्ये 'हो, हो' म्हणत हसले. मी पाया पडले. इंदूबाईही पाया पडल्या.

"अहो, वाका ना!"

"वाकतो वं, पण मले उठवन कोन?" आजोबा कुरकुरले आणि वाकले. त्यांना साधूंनीच उठवलं. इंदूबाईंनी शाल दिली. साधूंनी ती डोक्याला लावली आणि झग्यातून एक मोठं चकचकीत कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं.

"वहिनी, काय देल्लं?"

"प्रसाद काय काय भेटते, थे लिवलं असन," आजोबा म्हणाले.

मी चष्मा लावला. पिझ्झ्यांची यादी होती! तोवर साधुमहाराज शाल खांद्यावर टाकून मागच्या हॉटेलात शिरलेसुद्धा. गिऱ्हाईक ओढायला झगा घालून उभा केलेला वेटर तो!

"हा त हॉटेलवाला होय!" आजोबांना इतका आनंद झालेला मी वर्षानुवर्षं पाहिला नव्हता.

इंदूबाई पायरीवर बसल्या. "माझा नवस हॉटेलात गेला! आता गायीले काय तोंड दाखवू?"

मी शाल परत आणायला आत धावले, मागोमाग ते दोघंही आले. शाल आता वेटरच्या खांद्यावर नव्हती, आणि त्याचं इंग्रजी आमच्या गायीइतकंच. मग मी खुणा केल्या. खांद्यांवरून शाल ओढल्याचं दाखवलं. त्याला वाटलं थंडी वाजते, त्यानं आम्हा तिघांना भट्टीजवळच्या टेबलाशी बसवलं. संत समजावेत म्हणून हात हलवून पक्षी उडवून दाखवले. भाजलेली कोंबडी आली! डोक्याला बोटांची शिंगं लावली. चीजचं ताट आलं!

"थांबू नको," आजोबा कोंबडी तोडत म्हणाले, "आता मासोळी करून दाखव."

"तुम्हाला लाज नाही वाटत?"

"भूक वाटते."

एवढ्यात शाल शोधायला उठून गेलेल्या इंदूबाईंची मागच्या दारातून हाक आली. "वहिनी, इकडे या!"

दाराशी गार वाऱ्यात हॉटेलाचं म्हातारं कुत्रं पडलं होतं, आणि त्याच्या अंगावर आमची कोशाची शाल! वेटर मायेनं तिची कड त्याच्या पायांखाली खोचत होता. मी संतापून तोंड उघडलं.

"चूप राहा वहिनी!" इंदूबाई माझ्यावर पहिल्यांदाच ओरडल्या. मग त्या खाली बसून कुत्र्याच्या कपाळावरून हात फिरवू लागल्या. "जनावराच्या देवाले आणली होती, जनावराच्याच आंगावर गेली. पोचली माझी शाल! आता गाय काही म्हनत नाही." डोळे भरले होते, पण हसत होत्या. त्यांनी कुत्र्याला नमस्कार केला. मग माझ्याकडे पाहिलं. काय करणार? मीही केला.

पिझ्झाही आला होता. तो संपेपर्यंत वेळ संपली. आम्ही उतारावरून धावत सुटलो आणि ते जगप्रसिद्ध चर्च न पाहताच वर राहून गेलं. बसमधली मंडळी चित्रांचे रंग, कमानी, खिडक्यांच्या काचा यांवर भरभरून बोलत होती. गाइडनं माझ्याकडे वळून अदबीनं विचारलं, "मॅडम, चर्च कसं वाटलं?"

सगळी बस शिकल्यासवरल्या आजीचं मत ऐकायला शांत झाली. मी पदरानं तोंड पुसलं आणि स्वच्छ उच्चारात सांगितलं, "डिलिशस!"