मामाची मधपेटी

बंद झाकणाचा माझ्या मामाइतका राग असलेला माणूस अख्ख्या भिवंडी तालुक्यात नसेल. हे मी जरा भीतभीतच लिहिते, कारण मी सगळा तालुका काही पाहिलेला नाही. पण शिजत्या भातावरचं झाकण तो इतक्यांदा उघडतो, की मामी त्याला गॅसजवळ उभंच राहू देत नाही. धामणकर नाक्याच्या कारखान्यात त्याने उभा जन्म लूम चालवले. तिथे नजर हटली की धागा तुटून कापड वाया जायचं. त्या खडखडाटात त्याचे कान गेले, सवय मात्र राहिली. कारखाना बंद पडल्यावर तो घरात इतका गप्प बसू लागला, की मामी धास्तावली. "माझ्यासमोर कायतरी चालू पायजे," एवढंच म्हणायचा.

मग एकदा कॉलेज सुटल्यावर मामाकडे अंजूरला गेले, तर अंगणात मधमाश्यांनी भरलेली लाकडी पेटी! मी दारातच थिजले. मामा डोक्यावरून मच्छरदाणी घेऊन नवरीसारखा उभा. "ये बाय! रानी, कामगार, समदा स्टाफ हाय!" पेटी देणाऱ्याने बजावलं होतं, माश्या रुळेपर्यंत उघडू नका. मामाने ती रोज सकाळ-संध्याकाळ उघडली. का, तर शिफ्ट बदलताना माल बघावाच लागतो. "अवो, त्या काय कापड इनतान?" मामी ओरडायची. त्याला कुठे ऐकू येतंय!

आठवडा सरायच्या आत पेटी ओस पडली. सगळ्या माश्या मागच्या शेवग्यावर काळ्या घोसासारख्या लोंबत होत्या. मामा मच्छरदाणीही न घेता शिडीवर चढला आणि उघड्या हातांनी तो घोस टोपलीत उतरवू लागला. मी किंचाळले. मामीने डोळे मिटून घेतले. खाली आला तेव्हा तोंड इतकं सुजलेलं, की हसतोय का रडतोय तेही कळेना. माश्या पेटीत सोडल्यावर त्याने झाकणाला सूत गुंडाळून स्वतःच घट्ट गाठ मारली.

परवा संध्याकाळी तो पेटीच्या कडेला तळवा टेकून बसला होता, चालत्या लूमवर ठेवायचा तसा.

"बाय, आवाज येतो का गो?"

मी कान लावला. आत दाट गुणगुण चालली होती. मी मान हलवली.

"सगल्या हायेत ना?"

मी पुन्हा मान हलवली. त्याचा हात हळूच झाकणाकडे सरकला, गाठीपाशी जरासा थांबला आणि परत येऊन पेटीच्या कडेला टेकला.