खदानीच्या चढावर नणंद-भावजय

ती गाडी अमरावतीला आमच्या घरी आली तेव्हा ट्रकवर दोरांनी बांधलेली होती आणि तिच्या सीटखाली एका मांजरीनं पिल्लं घातलेली होती. नवऱ्यानं आधी पिल्लं टोपलीत काढून सावलीत ठेवली, मग मला हाक मारली. "ये वं, पाह्य काय आणलं!"

दोन दारं, दोनच सीटा, आमच्या गेटच्या कडीपेक्षाही बुटकी, फायबरची बॉडी आणि नावापुरतं कापडी छत. रंग कधीकाळी लाल होता. आता मागच्या वर्षीच्या मिरचीसारखा दिसत होता. अकोल्याच्या एका जिनिंगवाल्याच्या गोदामात ती कित्येक वर्षं पडून होती. ती बनवणारा कारखानाच मुळात बंद पडला होता, त्यामुळे तिचे पार्ट कुठेच मिळत नव्हते.

"भाजीची पिशवी कुठं ठेवाची याच्यात?" मी विचारलं.

"भाजीसाठी नाही आणली. खदानीवर चढवाची हाय."

मग मला कळलं. आमच्याकडे अमरावती-अकोल्यातल्या हौशी लोकांचा एक क्लब आहे. डॉक्टर, दुकानदार, दोनचार शेतकरी, अशी मंडळी. हिवाळ्यात ते जुन्या गाड्यांची दोन दिवसांची स्पर्धा घेतात. पहिल्या दिवशी रॅली. तिच्यात पळायचं नसतं. दिलेल्या वेगानं, दिलेल्या रस्त्यानं, ठरल्या वेळी पोचायचं असतं. लवकर गेलात तरी गुण कापतात आणि उशिरा गेलात तरी. दुसऱ्या दिवशी एका बंद पडलेल्या खदानीचा वळणावळणाचा रस्ता अडवून चढाईची शर्यत. एका वेळी एकच गाडी, आणि स्पर्धा घड्याळाशी. माझा नवरा दरवर्षी दोरीच्या अलीकडे उभा राहून हे पाहायचा. नांदगाव पेठला कापडाच्या कारखान्यात तो यंत्रांची देखभाल बघतो, म्हणजे आठवडाभर यंत्रांतच असतो, तरी त्याचं मन भरत नसे. यंदा त्याला दोरीच्या पलीकडे जायचं होतं. मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे शेजारी बसून रस्ता सांगायचं काम माझं, हेही त्यानं परस्पर ठरवलं होतं.

गाडी पुन्हा ट्रकवर चढली आणि अकोल्याला नणंदेकडे गेली. नणंद नवऱ्यापेक्षा मोठी. तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, म्हणजे आमच्या नंदोयांचं, वर्कशॉप आहे. नंदोई गिऱ्हाईक सांभाळतात आणि लोखंड कातायचं लेथ ती चालवते. शेतीच्या पंपांचे शाफ्ट, बुश, काय वाटेल ते. साडीवर खाकी कोट, डोळ्यांवर चष्मा आणि आवाज असा की लेथ चालू असतानाही गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाला लाथ मारली आणि म्हणाली, "हे तर पार लुळं झालं. ठेव इथं. दर रविवारी दोघंही या. अन् वहिनी, जुने कपडे घालून येजो."

त्या हिवाळ्याआधीचे आमचे सगळे रविवार ग्रीसच्या वासाचे आहेत. पहिल्यांदा आम्ही गाडी रिकामी केली. चढावर वजन म्हणजे शत्रू, म्हणून गालिचा, टेपरेकॉर्डर, दारांच्या आतले पुठ्ठे, सगळं बाहेर. गालिच्याखाली उंदरांनी शेंगदाण्याच्या टरफलांचं भांडार केलं होतं. ते घमेलं भरून निघालं. मग चाकांच्या वर सांध्यांत धक्के झेलणारे रबरी बुश काढले. ते हातात घेताच भुरभुर गळाले. नवे मिळणं शक्य नव्हतं. नणंदेनं नायलॉनचा दांडा लेथला लावला आणि मापानं एकेक बुश कातून काढला. पांढऱ्या सालींचा ढीग पायाशी पडत होता आणि मी तो झाडत होते. पहिला बुश जागेवर टकटक करत बसला तेव्हा आम्ही तिघंही उगाचच हसलो.

इंजिनाखाली तेलाचं चेंबर असतं. खदानीतला एक दगड लागला की ते फुटलंच. त्याच्याखाली जाड पत्रा ठोकला. कार्बोरेटर खोलून रॉकेलमध्ये धुतला. आणि शेवटी आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवला, म्हणजे गाडी उलटली तरी माणसं शाबूत राहतील. पिंजऱ्याला साजेशी, दोन्ही बाजूंनी घट्ट धरणारी खोल सीट बसवली. नवऱ्यानं हात पुसले, हेल्मेट घातलं आणि आत बसायला गेला.

तो आत गेलाच नाही.

आधी पाय घालून पाहिला, मग डोकं घालून पाहिलं. आडव्या पाइपात गुडघा अडकला, सीटच्या कडांत कंबर अडकली. बाहेर निघताना हेल्मेट अडकलं. नंदोयांनी आणि मी ओढून काढला तेव्हा तो घामानं निथळत होता. मला हसू फुटलं, पण त्याचं तोंड पाहिलं आणि ते मी गिळलं.

"पाइप कापू आपण," मी म्हटलं.

"कापू नोको," तो म्हणाला. "तो जीवासाठी हाय."

मग नणंदेनं चष्मा कपाळावर चढवला. "वहिनी चालवील."

"मी? ताई, मी कुठं..."

"तेल्हाऱ्याले बापाचा ट्रॅक्टर चालवे ना तू? लग्नात तुझ्या काकानं किती कौतुक सांगतलं होतं."

"ट्रॅक्टर अन् हे सारखं हाय का?"

"दोन्हीले स्टेअरिंग हाय. बस."

मी बसले. आणि काय सांगू, मी त्या सीटमध्ये अशी बसले की जणू माझं माप घेऊनच ती शिवली होती. फक्त पाय पेडलपर्यंत नीट पोचेनात.

परतीच्या वाटेवर नवरा एका हातानं अडकलेला गुडघा चोळत होता. आमची साधी गाडी मूर्तिजापूर ओलांडून गेली तरी चोळतच होता. त्याची इतक्या वर्षांची हौस मी पळवली असं वाटून मला कसंसंच झालं. पण पुढच्या रविवारी वर्कशॉपमध्ये पोचताच त्यानं माझ्या हातात एक जड पुडकं दिलं. आत ॲल्युमिनियमचे तीन ठोकळे होते, पेडलांवर बसवायचे. कडा घासून गोल केलेल्या, वर पाय घसरू नये म्हणून बारीक खाचा. कारखाना सुटल्यावर आठवडाभर तो तेच करत होता.

"आता पुरतील तुझे पाय," तो म्हणाला. "पण रस्ता कोण सांगन? मी तं शेजारच्या सीटवरही मावत नाही."

"मी हावो ना," नणंदेनं उत्तर दिलं. तिला नकाशा कधी वाचता आलेला नव्हता, पण हे सांगायची हिंमत आमच्यात नव्हती.

सरावाला आम्ही चिखलदऱ्याचा घाट निवडला. सकाळी लवकर निघायचं, रस्ता मोकळा असताना हळूहळू चढायचं, कोणत्या वळणाला कोणता गिअर ते शिकायचं. मी घाबरत होते ती वळणांना नाही, तर शेजारून येणाऱ्या आवाजाला. "दुसरा टाक! दुसरा! माय वं, आता तिसरा काहून टाकला?" कठड्यावर बसलेली वानरंसुद्धा तिच्याकडे बघत. पण चौथ्या-पाचव्या फेरीनंतर गाडी माझ्याशी बोलायला लागली. नवे बुश घट्ट होते, स्टेअरिंग जरा फिरवलं की नाक लगेच वळायचं. ट्रॅक्टर हाकताना बाबा म्हणायचे, "आवाज आयक, मग गिअर टाक." मी आवाज ऐकू लागले.

एकदा वर पोचल्यावर सेमाडोहकडे उतरून चहा घेऊ असं ठरलं. उतारावर दोनचार वळणं झाली आणि ब्रेकचा पेडल एकदम मऊ पडला. पाय खाली जाऊन टेकला, गाडी तशीच पुढे. मी दुसऱ्यात टाकली, मग पहिल्यात. इंजिन किंचाळलं, वेग मोडला, हँडब्रेक ओढला आणि गाडी सागाच्या एका झाडाजवळ थांबली. पाचोळ्याचा आवाज थांबेपर्यंत आम्ही दोघी समोर बघत राहिलो.

"ताई, तुमी काही बोलल्या नाही," मी म्हटलं.

"तू बरोबर करून राहिली होती," ती म्हणाली. "मंग काय बोलू?"

त्या बाईकडून मला मिळालेली ती पहिली शाबासकी. मागून साध्या गाडीतून येणारा नवरा धावत आला तेव्हा आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला बसून चिवडा खात होतो. दोष निघाला तो ब्रेकच्या जुन्या तेलाचा. त्यात वर्षानुवर्षांचं पाणी मुरलं होतं आणि उतारावर तापून त्याची वाफ झाली होती. नणंदेनं सगळं तेल बदललं, आणि पुढच्या बंपरला भोकं पाडून चाकांकडे वारा नेणारे दोन पाइप बसवले.

रॅलीच्या दिवशी आम्ही मध्येच कुठेतरी आलो. कपाशीच्या गाड्यांमागे अडकलो, एक फाटा चुकलो, आणि नणंदेनं "डावीकडं" म्हणत उजवा हात दाखवल्यामुळे एका गावच्या पाटलांच्या अंगणात शिरलो. त्यांनी हसत फाटक उघडून दिलं.

खरा दिवस दुसरा. खदानीवर सकाळी गाड्यांची तपासणी होती. तपासणारे गृहस्थ गंभीर होते. पिंजरा ठोकून पाहिला, पट्टे ओढून पाहिले, मान डोलावली. मग बॉनेट उघडलं. "कार्बोरेटरला दुसरी स्प्रिंग कुठं आहे? एक तुटली तर ॲक्सिलरेटर अडकून राहील. नियम आहे, बाई. नाहीतर गाडी सोडता येणार नाही."

आमच्याकडे दुसरी स्प्रिंग नव्हती. नवरा हत्यारांची पेटी उपसायला लागला. नणंदेनं मात्र दोरीपलीकडच्या गर्दीकडे नजर फिरवली आणि मोटरसायकलवर रेलून उभ्या असलेल्या, पांढरं मुंडासं बांधलेल्या एका शेतकऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊ, तुमच्या मागच्या ब्रेकची स्प्रिंग द्या."

"काहून?"

"आमच्या वहिनीले वर जाचं हाय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. "बाई चालवते हे?" आणि स्वतःच पाना मागून खाली बसला. स्प्रिंग बसली, तपासनिसांनी ओढून पाहिली आणि आमच्या दारावर हिरवी चिकटपट्टी लावली. चढाईला गाडीत एकटंच बसायचं असतं. नणंदेचा आवाज पहिल्यांदाच माझ्या कानाशी नसणार होता.

प्रत्येकाला दोन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत मी भित्रेपणानं गेले. नवी स्प्रिंग इतकी कडक की पाय भरून आला, आणि शेवटच्या वळणावर तापमानाचा काटा लालमध्ये गेला. आमच्या गटात, म्हणजे छोट्या इंजिनांच्या गाड्यांत, मी चौथी.

दुपारी सगळ्यांना निखाऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी होती. कोणी जेवलं, कोणी गाड्यांखाली लोळत राहिलं. नवरा माझ्या गाडीच्या नाकाशी पालथा पडला होता. उठून आला, शर्टाला माती. "हिटर चालू कर," तो म्हणाला. "पूर्ण. इंजिनची गरमी आत येईन, तू भाजशीन, पण काटा खाली राहीन. अन् तिसऱ्या वळणावर गिअर बदलू नोको. मी आयकलं, तिथं तू उगाच बदलून राहिली."

झेंडा पडला आणि मी निघाले. पायांवर भट्टीची हवा, हेल्मेटमध्ये घाम, आणि समोर तो मुरमाच्या कडांचा काळा रस्ता. पहिलं वळण, दुसरं. तिसऱ्याला दुसरा गिअर तसाच ठेवला. मागचा भाग जरा सरकला, मी स्टेअरिंग ढिलं सोडलं आणि गाडी स्वतःच सरळ झाली. मग मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण आनंदानं. काटा जागचा हलला नाही. वरच्या रेषेवरून गाडी सुसाट निघाली आणि खाली सगळं वऱ्हाड उन्हात पसरलेलं दिसलं, तुरीची पिवळी शेतं, दूरचा एक तलाव. मी गाडी थांबवली तरी हात स्टेअरिंगवरून निघेनात.

खाली आले तर मुंडासेवाला दोन्ही हात वर करून नाचत होता. "आपली स्प्रिंग हाय त्याच्यात! आपली!" गटात आमचा दुसरा नंबर आला होता. पहिला एका तरुण डॉक्टरचा; त्यानं येऊन वाकून बुश पाहिले आणि नणंदेला विचारलं, "मावशी, माझ्यासाठी कातून द्याल?" ती म्हणाली, "पुढच्या वर्षी हरशीन तं देईन." स्प्रिंग परत करायला गेलो तर तो भला माणूस घेईना; शेवटी नवऱ्यानंच ती त्याच्या मोटरसायकलला बसवून दिली. नवरा त्या दिवशी सगळ्यांना सांगत होता, "बायको हाय माही."

संध्याकाळच्या आत आम्ही अकोल्याला नणंदेच्या गल्लीत पोचलो. छत खाली, दारावर नंबर, अंगभर धूळ. गल्लीतल्या बाया बाहेर आल्या. समोरच्या काकू, सत्तरीच्या, गुडघ्यांचं दुखणं असलेल्या, गाडीला हात लावून म्हणाल्या, "मले एक चक्कर मारून आणतं का वं?"

दोघींनी धरून त्यांना आत बसवलं. पट्टा लावला. त्यांनी पदर डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली बांधला आणि समोरचा पाइप घट्ट पकडला. मी हळूच क्लच सोडला.

"माय," कोपऱ्यापर्यंत जाताच त्या म्हणाल्या, "इतकी हळू काहून चालवून राहिली?"

मी दुसरा गिअर टाकला.