देवासमोर भरलेली हवा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही. कॉलेजात फिजिक्स शिकवण्यात माझा जन्म गेला, तेव्हा मध्ये थोडं फिजिक्स येईल. ते सोपं आहे. अवघड आहे ते पुढचं.

उज्जैनच्या आमच्या मराठी मंडळाची व्हॉलीबॉलची टीम आहे. संक्रांतीला सकाळी सामना असतो आणि त्याआधी मंडळाच्या हॉलमध्ये हवन. बाहेर धुकं, म्हणून दारं-खिडक्या बंद. चेंडूला कुंकू लावून तो कुंडाशेजारी ठेवायचा, पूर्णाहुती झाली की तिथेच हवा भरायची आणि सगळ्यांदेखत मीटरने मोजायची. जुनी मंडळी म्हणत, देवासमोर मोजलेल्यात खोट कशी निघेल? त्या वर्षी हवनाला यजमान म्हणून मीच बसलो होतो. इतका घाम आला की स्वेटर काढून ठेवला. तो स्वेटर लक्षात असू द्या.

इंदूरहून आलेल्या टीमने आपला चेंडू मैदानावरच भरला होता. पहिला सेट आमच्या चेंडूने सुरू झाला आणि थोड्याच वेळात त्यांच्या कप्तानाने तक्रार केली — चेंडू मऊ आहे. पंचांनी मोजला. हवा पार उतरलेली. त्यांचा मोजला, तो ठीक. मग सगळ्यांच्या नजरा कैलाशकडे वळल्या.

कैलाश आमचा सेटर, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू बोटांनी उचलून देणारा. भैरवगढच्या कापडछपाईवाल्यांच्या घरातला, टीममधला एकटाच हिंदीवाला. चेंडू त्याच्या बोटांत आला कधी आणि गेला कधी, कळत नसे. हवा त्यानेच भरली होती, मैदानावर चेंडू त्यानेच आणला होता, पंपाची पिन त्याच्याच खिशात निघाली. वर, थोडा मऊ चेंडू हातात छान बसतो, असं तो नेहमी म्हणायचा. कावळा बसायला आणि फांदी मोडायला — असं एखाद्या वेळी होतं, मान्य. पण इतके कावळे? आणि रेल्वेत स्पोर्ट्स कोट्यातली त्याची नोकरी आमच्या मंडळाच्या शिफारशीवर अडली होती.

सेक्रेटरी नानासाहेब म्हणाले, "सर, तुम्ही सायन्सवाले. तुम्हीच फैसला करून टाका."

कैलाश एवढंच म्हणाला, "मैंने हवा नहीं निकाली, सर। आप तो साइंस से देख ही लोगे।" प्रकरण माझ्याकडे आलं म्हणून त्याला हायसं वाटलं होतं. चेहऱ्यावर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थर्मामीटर घेऊन हॉलमध्ये गेलो. रिकामा, गार हॉल. थंडीत हवा आक्रसते, दाब उतरतो, हे मला ठाऊकच होतं. आतलं तापमान घेतलं, मैदानावरचं घेतलं, गणित मांडलं आणि कमिटीपुढे म्हणालो — अर्धी घट थंडीने, अर्धी माणसाच्या हाताने. काय रुबाबदार वाक्य होतं! माना डोलल्या. पुढे वार्षिक सभेत मला शालही मिळाली. कैलाशची शिफारस गेली नाही.

आणि हवन? ते माझ्या डोक्यात आलंच नाही. ज्या आगीत मी स्वतः तूप ओतलं, जिच्यापायी स्वेटर उतरवला, ती माझ्या लेखी पूजा होती. तिला थर्मामीटर कोण लावतो?

पुढच्या संक्रांतीला दुसरं जोडपं हवनाला बसलं. चेंडू भरून, मोजून झाला आणि सहज मी तो उचलला. तव्यावरून उतरवलेल्या पोळीसारखा ऊबदार. माझे हात तिथेच थांबले. चेंडू आणि मीटर घेऊन मी बाहेर व्हरांड्यात गेलो. धुक्यात उभा राहिलो. पुन्हा मोजला.

गेल्या वर्षी पंचांनी काटा जिथे दाखवला होता, जवळपास तिथेच तो उतरला होता. मध्ये कुणीही चेंडूला हात लावला नव्हता. आयुष्यभर फळ्यावर लिहिलेला नियम माझ्या ओंजळीत चालू होता. न दिसणारी हवा. तिला ना मंडळ माहीत, ना मुहूर्त, आणि तरी तसूभर चूक नाही. माझे डोळे भरून आले. खरं सांगू? त्या क्षणी मला कैलाश आठवला नाही. केवढं सुंदर आहे हे, एवढंच वाटत राहिलं.

कैलाश नंतर आठवला. आणि आठवताच मी चेंडू मुकाट आत नेऊन ठेवला. भीती कसली होती? शाल काय कुणी परत मागणार होतं?

पण कबुली याचीही नाही. पुढे एकदा देवास गेटच्या बसस्टँडवर तो भेटला. छापलेल्या चादरींचा गठ्ठा घेऊन इंदूरला निघाला होता. गठ्ठा खाली ठेवून माझ्या पाया पडला.

"सर, मैंने बहुत सोचा," तो म्हणाला. "पिन निकालते टाइम हवा मुझी से निकल गई होगी। साइंस झूठ थोड़ी बोलता है।"

तसली बोटं असलेला माणूस — आणि माझ्या गणितावर विश्वास ठेवून त्याने स्वतःच्या बोटांना खोटं ठरवलं होतं. खरं माझ्या जिभेवर होतं.

मी म्हणालो, "हो सकता है।"

त्याने मान हलवली, गठ्ठा उचलला आणि बसमध्ये चढला.

दर हिवाळ्यात मी वर्गात हा प्रयोग करून दाखवतो. शेगडीजवळ भरलेला चेंडू, मग बाहेरची थंडी. काटा उतरतो, पोरं बघत राहतात, मीही बघत राहतो. कुणीतरी विचारतंच — सर, हे तुम्ही पहिल्यांदा कुठे पाहिलंत?

पुस्तकात, मी सांगतो.